रूपिंदरचे हात

सिलेनची बाटली फ्रीजमधून काढली की लगेच उघडायची नसते. ती टेबलावर ठेवायची, हवेइतकी कोमट होऊ द्यायची आणि मगच बूच काढायचं. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. गेली बारा वर्षं सांगतो आहे. हा नियम मी स्वतः मोडला होता, हे मात्र कधी सांगत नव्हतो. बाटली थंड उघडली ही चूक तशी लहानच. तिचं खापर मी एका मुलीच्या हातांवर फोडलं आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. ही दुसरी चूक लहान नव्हती.

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं होतं. गमतीही आहेत, त्या सांगतो. पण हे आधी सांगितल्याशिवाय त्या सांगायला तोंड उघडेना.

मी मूळचा कराडचा. चंदीगडला केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी आहे. माझं काम काय, हे सासुरवाडीला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. काचेच्या पट्टीवर डीएनएचे बारीक बारीक ठिपके चिकटवायचे, ठरलेल्या जागी, ओळीत. पट्टी दोन बोटं रुंद, ठिपका खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. प्रत्येक ठिपक्यात वेगळा डीएनए, म्हणजे एकेका जंतूची ओळख. डीएनएचा एक धागा आपल्या जोडीच्या धाग्याला बरोबर ओळखतो आणि त्यालाच बिलगतो. तपासायच्या नमुन्यातल्या धाग्यांना चमकणारा रंग लावून ते पट्टीवर सोडायचे. ज्या ठिपक्याला त्याचा जोडीदार भेटेल तो ठिपका लेसरखाली चमकतो. कुठला ठिपका चमकला यावरून नमुन्यात कोण आहे ते कळतं. एवढंच.

अडचण अशी, की काच डीएनएला धरून ठेवत नाही. नुसता ठिपका दिला आणि पाण्याने धुतलं की सगळं वाहून जातं. म्हणून काच आधी तीव्र रसायनांनी घासूनपुसून स्वच्छ करायची आणि तिच्यावर सिलेन नावाच्या द्रव्याचा अगदी पातळ थर द्यायचा. सिलेनचं एक टोक काचेला घट्ट धरतं, दुसऱ्या टोकाला डीएनए जोडता येतो. विहिरीत पडलेल्याला काढताना माणूस एका हाताने काठावरचं झाड धरतो आणि दुसरा हात खाली देतो, तसं.

माझ्या बायकोने, वैशालीने, याचं भाषांतर एका वाक्यात केलं. लग्नानंतर पहिल्यांदा प्रयोगशाळा बघायला आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळी दुसरे काढणार आणि तुम्ही फक्त अंगण सारवून देणार."

"तसं म्हटलं तर तसंच," मी म्हणालो.

"इतकं शिकून शेवटी सारवायलाच लागलात!"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण खरं होतं. फरशीवर रांगोळी घसरते, सारवलेल्या जमिनीवर बसते. ज्यांची नावं मोठी होतात ते रांगोळी काढणारे. पण सारवण बिघडलं तर जगातला कुठलाही रांगोळी काढणारा काही करू शकत नाही. मला या गोष्टीचा अभिमान होता, आजही आहे.

इथली हवा या कामाची वैरीण. मे-जूनमध्ये इतकी कोरडी, की ठिपका काचेवर पडता पडता वाळतो आणि कडेला सगळा डीएनए गोळा होऊन मधे रिकामं राहतं. चहाचा कप उचलल्यावर टेबलावर गोल राहतं, अगदी तसं. तेव्हा ठिपके देणाऱ्या यंत्राच्या पेटीत हवा ओलसर राहावी म्हणून आम्ही खारट पाण्याच्या थाळ्या ठेवतो. एका उन्हाळ्यात दिल्लीहून आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञांना हा उपाय फार गावठी वाटला. त्यांनी वाळ्याचा कूलर मागवला आणि सरळ यंत्रापुढे लावला. दुपारी त्या पट्टीवर ठिपके कमी आणि वाळ्याच्या काड्यांचा भुसा जास्त. त्यांनी तो भुसा सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ निरखला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. वास मात्र छान सुटला होता.

मग पावसाळा. पावसाळ्यात ठिपके खूश असतात, पण सिलेन बिघडतं. सिलेनला पाण्याचा स्पर्श चालत नाही. हवेतली वाफ लागली तरी ते आपल्याआपल्यातच जोडलं जातं, त्याच्या गुठळ्या होतात, आणि काचेवर सपाट थराऐवजी कुठेतरी खडबडीत ढीग, कुठेतरी काहीच नाही. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो ना, थंड बाटली उघडली की तोच घाम आतून फुटतो. म्हणून तो नियम.

आणखी एक वैरी म्हणजे माणसाचा हात. पराठा खाऊन आलेल्या बोटाचा ठसा लेसरखाली ठिपक्यांपेक्षा सुंदर चमकतो. एकदा एका महत्त्वाच्या पट्टीवर मधोमध असा ठसा उमटला, की त्यातली एकेक रेघ मोजता यावी. पाच जण ते चित्र बघत उभे होतो. आदल्या दिवशी आमचे विभागप्रमुख भल्ला सर एका पाहुण्यांना दाखवायला ती पट्टी हातमोजे न घालता उचलून घेऊन गेले होते, हे पाचही जणांना ठाऊक होतं. भल्ला सर चित्र बघून म्हणाले, "ये किसका अंगूठा है, भई?"

मी म्हणालो, "सर, स्टोअरमधल्या कुणाचा तरी असेल."

आम्ही नंतर यावर खूप हसलो. हसताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

रूपिंदर कौर आमच्याकडे संशोधक विद्यार्थिनी म्हणून आली ती याच सुमारास. डेराबस्सीची. वडील तिथल्याच एका औषध कारखान्यात बॉयलरवर होते. उंच, मोठ्या आवाजाची, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना नावाने ओळखायला लागली. मला 'सर जी' म्हणायची. तिचा विषय होता म्हशींचा कासदाह. कासेला सूज येते, दूध नासतं, आणि कुठल्या जंतूमुळे हे न कळल्याने गोठेवाले मिळेल ते इंजेक्शन देत राहतात. एका पट्टीवर सगळ्या संभाव्य जंतूंचे ठिपके ठेवायचे, दूध तपासायचं आणि कोणता जंतू ते सांगायचं. चांगला विषय होता, आणि या भागात उपयोगाचा.

दुधाचे नमुने आणायचे बलकार सिंग. डेराबस्सीच्या पुढच्या एका गावात त्यांचा मोठा गोठा. पहिल्यांदा आले ते स्टीलच्या डोलूत, म्हणजे कडीच्या डब्यात, दोन लिटर दूध घेऊन. आम्हाला चमचाभर पुरतं, हे त्यांना पटेना.

"डॉक्टर साब, एवढ्याशा दुधात काय दिसणार? मज्झ मोठी, दूध मोठं, आणि तुमची काच एवढीशी!" मज्झ म्हणजे म्हैस.

रूपिंदर त्यांना पंजाबीत म्हणाली, "चाचाजी, पोलीस ठाण्यात चोर ओळखायला सगळं गाव नेतात का? फोटो नेतात ना? हा फोटो आहे."

"मग हा फोटो सांगेल का, माझी मज्झ आजारी आहे की नखरे करते आहे?"

"नखरे करते ते तुम्हीच सांगा, तुम्ही तिच्यासोबत राहता."

सगळी खोली हसली. बलकार सिंगांनी उरलेलं दूध परत न्यायला साफ नकार दिला. आजारी म्हशीचं असल्याने त्याचा चहाही होईना. शेवटी ते ओतून दिलं आणि डोलू धुऊन दिला, तर दुसऱ्या खेपेला त्यांनी त्यातून निरोगी म्हशीचं दूध आणलं, खास चहासाठी.

आता ती गोष्ट.

सप्टेंबर होता. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती. इथे आम्ही मराठी माणसं थोडी, बहुतेक बदलीवर आलेली: कुणी लष्करात, कुणी वायुदलात, कुणी बँकेत. वर्षभर एकमेकांना भेटायला वेळ नसतो, पण गणपतीत सगळे येतात. त्या वर्षी मी मंडळाचा कार्यवाह होतो. शाडूची मूर्ती पुण्याहून गाडीने येणार होती, आणि ती स्टेशनवरून उतरवून घेण्याची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली होती. गाडी दुपारची होती.

त्याच दिवशी रूपिंदरच्या पट्ट्या तयार करून द्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशीसाठी तिने ठिपक्यांचं यंत्र राखून ठेवलं होतं. सकाळी मी काचा धुतल्या, वाळवल्या, आणि मग लक्षात आलं की सिलेनची बाटली फ्रीजमध्येच आहे. आधी बाहेर काढून ठेवायला विसरलो होतो. थांबायचं तर गाडी चुकणार. मूर्तीसोबत येणारा मुलगा नवखा होता, ती फलाटावर कुणी आपटली तर? मी बाटली दोन्ही तळव्यांत धरून जराशी चोळली आणि बूच काढलं. बाहेर पाऊस पडत होता.

थर दिल्यावर एक साधी परीक्षा असते. पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायचा. थर चांगला असेल तर थेंब सगळीकडे सारखाच, अर्ध्या लिंबासारखा बसतो. त्या दिवशी एका टोकाला थेंब बसला आणि दुसऱ्या टोकाला पसरला. मी तो पसरलेला थेंब पाहिला. पाहिला नाही असं मला म्हणता येणार नाही. मनाशी म्हणालो, चालेल. पट्ट्या डबीत भरल्या, डबी रूपिंदरच्या टेबलावर ठेवली आणि स्टेशनला गेलो. मूर्ती सुखरूप आली. आरतीला मीच ताम्हन धरलं होतं.

रूपिंदरने ठिपके दिले, बलकार सिंगांच्या दुधाचे नमुने तपासले. चित्र आलं ते असं: पट्टीची एक बाजू अंधारात, दुसरीकडे ठिपके चमकतात पण त्यांच्यामागची काचही चमकते, कुठे मधेच पांढरे डाग. तिने पुन्हा केलं. त्याच डबीतल्या दुसऱ्या पट्ट्या घेऊन पुन्हा. तसंच.

ती माझ्याकडे आली. "सर जी, स्लाइड्स ठीक हैं ना?"

त्या क्षणी मला तो पसरलेला थेंब आठवला. मी तो बाजूला सारला. म्हणालो, "स्लाइड्स पक्के हैं. तू हाथ देख अपना. नमुना सोडताना नळीची टिप काचेला टेकते तुझी, धुताना घाई करतेस."

"जी," ती म्हणाली. त्यानंतर ती धुताना इतकी सावकाश करायची की बघणाऱ्याला कंटाळा यावा. एका पट्टीच्या वेळी तिचे हात खरंच थरथरताना मी पाहिले. कुणाला 'तुझा हात थरथरतो' असं रोज सांगा, थोड्या दिवसांत तो थरथरायला लागतो.

दसऱ्याच्या सुमारास आढावा बैठक झाली. सेमिनारच्या खोलीत लांब टेबलाभोवती आम्ही सगळे. रूपिंदरची फेलोशिप वाढवायची की नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं. तिने चित्रं दाखवली. काही लपवलं नाही, खराब तेही दाखवलं. मग म्हणाली, "पट्ट्यांची नवी खेप मिळाली तर मला एकदा पुन्हा करून बघायचं आहे."

भल्ला सरांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "पाटणकर, प्रॉब्लेम कहाँ है? सरफेस या हँडलिंग?" म्हणजे दोष माझ्या थरात की तिच्या हातात.

इतकी वर्षं सगळे मानत आले होते की पाटणकरचा थर म्हणजे थर. मी म्हणालो, "हँडलिंग, सर."

दोनच शब्द. रूपिंदरने माझ्याकडे पाहिलं, मग समोरचे कागद एकत्र केले. तिची फेलोशिप वाढली नाही. विषय दुसऱ्या एका मुलाकडे गेला.

दिवाळीनंतर त्या मुलासाठी पट्ट्या करायला मी तीच बाटली काढली. या वेळी नियमाप्रमाणे कोमट होऊ दिली. ओतायला लागलो तर द्रव दाटसर, तळाशी पांढरे कण, फाटलेल्या दुधासारखे. मी बाटली दिव्यापुढे धरून बराच वेळ उभा होतो. मग ती टाकाऊ रसायनांच्या पिंपात टाकली आणि नवी उघडली. नव्या पट्ट्यांवर सगळे ठिपके नाण्यांसारखे उमटले. भल्ला सर खूश. "देखा? हाथ का ही फर्क था."

मी हसलो. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं.

त्याच आठवड्यात रूपिंदर 'नो ड्यूज'च्या सहीसाठी माझ्याकडे आली. संस्था सोडताना प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागते, तुमच्याकडे आमचं काही येणं नाही म्हणून. मी सही केली. "ऑल द बेस्ट," म्हणालो. ती म्हणाली, "थँक यू सर जी, आपसे बहुत सीखा." तिने ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या पट्टीचं काम यशस्वी झालं. शोधनिबंधात माझंही नाव आलं. बलकार सिंगांना त्यांच्या म्हशींचा जंतू कळला, योग्य औषध मिळालं. पण ते आले की दर वेळी विचारायचे, "ओ कुडी कित्थे गई?" ती मुलगी कुठे गेली? कुणीतरी सांगायचं, तिला नोकरी लागली. पुढे डीएनए सरळ वाचून काढणं स्वस्त झालं आणि आमच्या ठिपक्यांच्या पट्ट्या मागे पडल्या. ज्या कामासाठी मी खोटं बोललो, तेच काम काही वर्षांत कुणाला नको झालं. आता आम्ही काचेऐवजी सोन्याच्या पातळ थरावर डीएनए बसवतो आणि चमक बघण्याऐवजी विजेचा प्रवाह मोजतो. सोन्याला गंधक आवडतो, म्हणून डीएनएच्या टोकाला गंधक जोडून देतात. सारवण वेगळं, सारवणारा तोच.

गेल्या हिवाळ्यात या सोन्याच्या पट्ट्यांचं प्रशिक्षण द्यायला मला डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात बोलावलं. गुणवत्ता तपासणी विभागातल्या दहाबारा मुली समोर. मी म्हटलं, कुणीतरी पुढे या, पट्टीवर थेंब ठेवून दाखवा. मुली एकमेकींना ढकलायला लागल्या. एक म्हणाली, "मॅडम को बुलाते हैं, मॅडम को सब आता है." धावत जाऊन तिने शेजारच्या खोलीतून कुणाला तरी हाताला धरून आणलं.

रूपिंदर होती. केस थोडे पिकलेले, चष्मा. कागदपत्रांच्या विभागाची प्रमुख. मला पाहून थबकली, मग मोठ्याने म्हणाली, "ओहो, सर जी! सत श्री अकाल!"

मुलींनी तिच्या हातात पिपेट, थेंब सोडायची नळी, द्यायला धरलं. तिने दोन्ही हात मागे घेतले. "ना जी ना. मेरा हाथ ठीक नहीं है. सर जी से पूछ लो, इन्होंने सर्टिफिकेट दिया हुआ है."

मुली हसल्या. तीही हसली. तिच्या हसण्यात राग शोधला, तो नव्हता. ती ते विनोद म्हणून सांगत नव्हती. तिचा त्यावर विश्वास होता. नंतर चहाच्या वेळी एका मुलीने सांगितलं, मॅडमना वरच्या पगाराची जागा तपासणीत मिळत होती, पण प्रयोगाच्या टेबलाला त्या हातच लावत नाहीत.

कॅन्टीनमध्ये मी रूपिंदरला सगळं सांगितलं. बाटली, थेंब, स्टेशन, मूर्ती. ती चहा ढवळत ऐकत होती.

"बोतल ठंडी थी?"

"हो."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"दिवाळीनंतर. बाटलीत कण दिसले तेव्हा."

ती थांबली. तिने हिशेब केला तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. "दिवाली के बाद तो मैं वहीं थी, सर जी. आपसे साइन लेने आई थी."

"हो."

"त्याच्या आधी की नंतर?"

मी खाली बघत म्हणालो, "नंतर. कण दिसल्यानंतर तू आलीस."

मग तिने उजवा हात टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. "मैंने तो माँ को भी यही बताया था," ती म्हणाली. "कि मेरा हाथ काम का नहीं. माझी आई अजून मला सुईत दोरा ओवू देत नाही, म्हणते राहू दे, तुझा हात थरथरतो."

"रूपिंदर, मी तुझी माफी—"

"नाही सर जी." आवाज चढला नव्हता. "चाय के साथ वाली माफी मैं नहीं लूँगी. तुम्ही ते कॅन्टीनमध्ये म्हटलं नव्हतं. जहाँ बोला था, वहाँ बोलो. सब के सामने."

घरी येऊन वैशालीला सांगितलं. बारा वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. सुरुवात मी अशी केली की त्या दिवशी मूर्ती आणायची होती. तिने मधेच थांबवलं.

"अहो, मूर्तीवर ढकलू नका. मूर्ती फलाटावर तासभर बसली असती तर तिला काही झालं नसतं. आणि ती बैठक दसऱ्याला होती. तेव्हा कुठली मूर्ती आणायला निघाला होतात?"

भल्ला सर निवृत्त होऊन पंचकुल्याला राहतात. त्यांना विचारल्याशिवाय करू नये असं वाटलं, म्हणून गेलो. ते बागेत उन्हात बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छोड़ यार पाटणकर. बारह साल हो गए. पेपरवर तुझंही नाव आहे, माझंही. लडकी सेटल है. अब किसका फायदा?"

"तिचा, सर."

"आणि तुझं काय? दोन वर्षांत रिटायर होतो आहेस. ज्या खोलीत लोक तुला गुरू मानतात, तिथे जाऊन सांगणार मी खोटं बोललो?"

खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. मुलांसमोर पाटणकर सर म्हणजे थराच्या बाबतीत शेवटचा शब्द. तेवढंच माझ्याकडे होतं. जाताना भल्ला सर फाटकापर्यंत आले. म्हणाले, "मैं नहीं आऊँगा. पर मैंने ही तुमसे पूछा था, ये बोल देना. तिला विचारायला हवं होतं, मी तुला विचारलं."

तरी मी लगेच केलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. दर आठवड्याच्या सेमिनारला त्या खोलीत बसायचो आणि उठून यायचो. एकदा रूपिंदरचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मैं याद नहीं दिला रही, सर जी. बस पूछ रही हूँ, ते सिलेन तुम्ही कुठून मागवता? आमच्या मुलींना थर द्यायला शिकवायचं आहे." मी पत्ता सांगितला.

नव्या तुकडीचा पहिला दिवस ऑगस्टमध्ये होता. दर वर्षी या दिवशी मी सेमिनारच्या खोलीत बोलतो. नवे विद्यार्थी, आमचे शास्त्रज्ञ, सध्याच्या विभागप्रमुख मॅडम, आणि त्या जुन्या बैठकीतले तिघे, जे अजून संस्थेत आहेत. मॅडमना मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "बोलिए." बलकार सिंगांनाही बोलावलं होतं. ते आता खूप थकलेत, पण आले. रूपिंदरने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच होतं. ती मागे बसायला निघाली, तर बलकार सिंगांनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. पहिल्याच रांगेत.

मी पहिल्यांदा थंड बाटलीचा नियम सांगितला, नेहमीसारखा. मग ती बाटली मी स्वतः उघडली होती हे सांगितलं. मुलं लिहून घेत होती, ती थांबली. पाण्याचा थेंब, बैठक, भल्ला सरांचा प्रश्न, माझे दोन शब्द, बाटलीतले कण, नो ड्यूजची सही. भल्ला सरांचा निरोपही सांगितला. मूर्तीबद्दल बोललो नाही. मधे एकदा पाणी प्यायलो आणि पुढे बोललो.

शेवटचं मी हिंदीत बोललो, टेबलाजवळून पुढे येऊन, तिच्यासमोर उभा राहून. मराठीत ते असं होतं:

"रूपिंदर कौर, याच खोलीत, या तिघांच्या देखत, मी तुमच्या हातांना दोष दिला होता. दोष माझ्या थरात होता. तुमच्या हातात कधीच काही वाईट नव्हतं. हे मला तुम्ही संस्थेत असतानाच कळलं होतं आणि मी माझं नाव राखायला गप्प बसलो. मी तुमची माफी मागतो."